गंगेवरील पक्षिनिरीक्षण : काशीतील एका लहान गटाची सहल

काशीला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूच्या मनात विश्वनाथ, अन्नपूर्णा, मणिकर्णिका आणि पंचगंगा ही नावे आधीपासूनच असतात. त्यांत पक्ष्यांना सहसा स्थान नसते. तथापि नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतच्या कोणत्याही सकाळी अहिल्याबाई घाटाच्या किंवा भोसले घाटाच्या पायऱ्यांवर उभा राहिलेला मनुष्य पक्षी पाहिल्यावाचून परत येऊ शकत नाही. पांढऱ्या कुरवांचे थवे नावांभोवती घिरट्या घालीत असतात. घाटाच्या कोनाड्यांत कबुतरे असतात आणि त्यांच्यावर घारी संथपणे तरंगत असतात. पाण्याच्या कडेने शेपटी वरखाली हलवीत धोबी पक्षी धावत असतो. त्याला मराठीत हे नाव कोणी दिले ते सांगता येत नाही, पण शेजारच्याच पायऱ्यांवर धुणे आपटणारी माणसे पाहिली म्हणजे ते किती नेमके आहे याची खात्री पटते. एवढी सोय क्वचितच एखाद्या मोठ्या नगराच्या मध्यभागी मिळते, आणि म्हणूनच नवशिक्यांचा लहान गट घेऊन जाण्यास काशी हे उत्तम ठिकाण आहे. मात्र गटाची जबाबदारी घेणाऱ्याला येथे ज्या अडचणी येतात त्या अरण्यात किंवा तलावाकाठी येत नाहीत.

पहिला प्रश्न संख्येचा. गट सहा ते आठ जणांपेक्षा मोठा असू नये. याचे एक कारण अगदी साधे आहे. वल्ह्यांच्या नावेत एवढीच माणसे अशी बसू शकतात की प्रत्येकाला दोन्ही बाजूंचे पाणी दिसावे. दुसरे कारण असे की आठांच्या पुढे गेले की शेवटच्या माणसापर्यंत गटप्रमुखाचा हळू आवाज पोहोचत नाही. मग तो मोठ्याने बोलू लागतो, आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो पक्षी उडून जातो.

लहान गटाचे काम कसे चालते याचे एक प्रसिद्ध उदाहरण दक्षिण युरोपातील आहे. स्पेनच्या दक्षिणेस ग्वादाल्किव्हीर नदीच्या मुखाशी कोतो दोन्याना नावाचा दलदलीचा आणि वाळूच्या टेकड्यांचा विस्तीर्ण प्रदेश आहे. गाय माउंटफर्ट या इंग्रज पक्षिनिरीक्षकाने १९५२, १९५६ आणि १९५७ या वर्षी तेथे मोहिमा नेल्या. माउंटफर्ट व्यवसायाने जाहिरात क्षेत्रातले होते, प्राध्यापक नव्हते. परंतु त्यांच्या या तीन मोहिमांत मिळून जी माणसे आली त्यांत जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्स्ली, पक्ष्यांचे छायाचित्रकार एरिक हॉस्किंग, अमेरिकेचे रॉजर टोरी पीटरसन आणि दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश सेनानी लॉर्ड ॲलनब्रुक यांच्यासारखे लोक होते. असे नामवंत एकत्र आले म्हणजे त्यांना सांभाळणे नवशिक्यांना सांभाळण्याहून सोपे असते असे मुळीच नाही. या मोहिमांचा वृत्तान्त १९५८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात वनस्पती पाहणारा, छायाचित्रे घेणारा, नोंदी ठेवणारा असा प्रत्येकाचा हात निरनिराळ्या कामात गुंतलेला दिसतो. काशीच्या नावेतील सहा माणसांनाही हाच उपाय लागू पडतो. एकाने वेळ आणि संख्या लिहावी, एकाने केवळ डावा काठ पाहावा, एकाने आकाश पाहावे. ज्याला काम दिले आहे तो मनुष्य कंटाळत नाही, आणि न कंटाळलेला मनुष्य नावेत उभा राहत नाही. सहाही जण एकाच वेळी एका बाजूस झुकले तर काय होईल, हे नाव सुटण्यापूर्वीच स्पष्ट सांगितले पाहिजे. लाइफ जॅकेट अंगात घालूनच बसावे. ते केवळ मांडीवर ठेवण्यासाठी नसते.

यानंतरचा प्रश्न प्रकाशाचा आहे, आणि काशीत नव्या गटप्रमुखाची चूक होते ती बहुधा येथेच. गंगा येथे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. नगर पश्चिमेच्या उंच काठावर वसले आहे, तर पूर्वेचा काठ सखल रेतीचा असून पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो. याचा अर्थ असा की सकाळी घाटावरून नदीकडे पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सूर्य असतो. यात्रेकरूच्या दृष्टीने हीच काशीची शोभा होय, त्याला अर्घ्य द्यावयाचे असते. पण पक्षिनिरीक्षकाला त्या वेळी प्रत्येक पक्षी काळा दिसतो. कुरव काळा, सुरय काळा, पाणकावळा तर मुळातच काळा. रंगाविना ओळख पटत नाही आणि नवशिक्याचा धीर सुटतो.

म्हणून सकाळी नाव सरळ पलीकडच्या रेतीजवळ न्यावी आणि तेथून पश्चिमेकडे पाहावे. आता सूर्य पाठीशी येतो. पाण्यावरचे पक्षी उजळतात आणि त्यांच्या मागे घाटांची रांग पिवळ्या प्रकाशात उभी राहते. दुपारनंतर याच्या उलट करावे. सूर्य नगराच्या मागे गेला की घाटावरच बसून नदी पाहावी. प्रवाहाचाही विचार करावा लागतो. अस्सी घाटावरून निघून प्रथम रामनगरच्या दिशेने, म्हणजे प्रवाहाविरुद्ध, जावे. त्या वेळी नावाड्याचे हात ताजे असतात, आणि वरच्या अंगाला गर्दीही कमी असते. परतताना वल्ही उचलून नाव केवळ वाहू द्यावी. वाहत्या नावेला पक्षी फारसे भीत नाहीत. अस्सीपासून राजघाटच्या पुलापर्यंतचे सुमारे ६ ते ७ किलोमीटरचे अंतर एका सकाळीच पुरे करण्याचा हट्ट मात्र धरू नये.

डिसेंबरच्या अखेरीस आणि जानेवारीत धुके एवढे दाट असते की समोरचा काठ नाहीसा होतो. अशा सकाळी नाव सोडू नये. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या विस्तीर्ण आवारातील जुन्या झाडांखाली गट न्यावा. तेथे मोर, राखी धनेश, पिंगळा आणि दैव असल्यास हरियाल दिसतो. महाराष्ट्राचा हा राज्यपक्षी अनेक महाराष्ट्रीयांनी प्रथम परप्रांतातच पाहिलेला असतो.

आता कुरवांविषयी. घाटावर त्यांना सरसकट ‘सायबेरियन’ म्हणतात. नावाडी तसे सांगतात, यात्रेकरू ते ऐकून घरी नेतात. वस्तुतः या थव्यांत प्रामुख्याने दोन जाती असतात. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेट आणि मध्य आशियातील उंच पठारांवरच्या सरोवरांकाठी वीण करतो. म्हणजे त्याचा प्रवास सायबेरियातून नव्हे, तर हिमालयाच्या पलीकडून होतो. काळ्या डोक्याचा कुरव युरोपपासून उत्तर आशियापर्यंत सर्वत्र विणीला असतो. हाच पक्षी हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवरही मुबलक दिसतो. दक्षिण फ्रान्समधील खाऱ्या दलदलीत आणि दशाश्वमेध घाटासमोर एकाच जातीचे पक्षी एकाच महिन्यात पोहत असतात, ही गोष्ट गटाला सांगण्यासारखी आहे.

नवशिक्याला चकविणारी बाब म्हणजे हिवाळ्यात यांपैकी एकाचेही डोके तपकिरी किंवा काळे नसते. दोघांचीही डोकी पांढरी होऊन डोळ्यांमागे केवळ एक गडद ठिपका उरतो. मार्चमध्ये डोकी पुन्हा भरू लागतात, आणि तोवर बरेचसे पक्षी निघण्याच्या तयारीत असतात. तेव्हा ओळख पंखांवरून करावी. तपकिरी डोक्याचा कुरव आकाराने थोडा मोठा. त्याच्या पंखाचे टोक काळे असून त्या काळ्या भागात पांढरे डाग असतात. प्रौढ पक्ष्याचा डोळा फिकट, जवळजवळ पांढरा, त्यामुळे त्याची मुद्रा काहीशी कठोर भासते. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद असतो, आणि उडताना त्याच्या पंखाची पुढची कड पांढऱ्या पट्टीसारखी चमकते. गटप्रमुखाने हे सर्व एका दमात सांगू नये. प्रथम फक्त डोळा पाहावयास सांगावे. अर्ध्या तासानंतर पंख. ज्याने स्वतः फरक शोधला त्याला तो पुन्हा सांगावा लागत नाही.

परंतु डोळ्याचा रंग दिसावा एवढा जवळ पक्षी येणार कसा? येथेच काशीतील सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे शेवेचा.

घाटावर बेसनाच्या शेवेच्या पुड्या विकत मिळतात. नावाडी त्या जवळ ठेवतात, पाण्यावर मूठभर शेव टाकतात आणि विशिष्ट हाळी देतात. क्षणार्धात शेकडो कुरव नावेभोवती जमतात, हाताच्या अंतरावरून जातात. दृश्य विलक्षण असते यात शंका नाही. लहान मुलेच नव्हे, निवृत्त न्यायाधीशही त्या वेळी ओरडतात. ज्या गटप्रमुखाने मागील तासभर एक दूरचा सुरय दाखविण्यासाठी घाम गाळला आहे, त्याच्याकडे गट आता पाहतही नाही.

शेव वाईट का, याचे उत्तर नीट दिले पाहिजे. मिठाने पक्षी मरतील असे जे सांगितले जाते ते फारसे पटणारे नाही. कुरवांना अंगातील जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, समुद्राचे पाणीही त्यांना चालते. खरा आक्षेप निराळा आहे. मासे आणि कीटक धरणारा पक्षी तळलेल्या पिठावर दिवस काढू लागतो. नैसर्गिकपणे पसरलेले थवे एका ठिकाणी, पंखाला पंख लावून गोळा होतात आणि त्यांच्यात व माणसांत अंतर राहत नाही. एखादा साथीचा रोग आला की हीच दाटी धोक्याची ठरते. जानेवारी २०२१ मध्ये देशात बर्ड फ्लूची साथ पसरली तेव्हा काशीत पक्ष्यांना खाऊ घालण्यास जिल्हा प्रशासनाने मनाई केली. त्याच महिन्यात एका नामवंत क्रिकेटपटूचे नावेतून कुरवांना खाऊ घालतानाचे छायाचित्र सर्वत्र प्रसिद्ध झाले. प्रशासनाच्या कारवाईचा रोख पाहुण्याकडे न वळता नाव चालविणाऱ्याकडे वळला. मनाईची माहिती पर्यटकाला नसेल, नाविकाला ती असलीच पाहिजे, असा त्यामागील युक्तिवाद होता.

तो कायद्याच्या दृष्टीने योग्य असेलही. पण गटप्रमुखाने त्यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. काशीच्या नदीवर पाहुण्याने केलेल्या चुकीची किंमत नावाडी देतो. पाहुणा दुसऱ्या दिवशी गाडीत बसतो, नावाड्याला मात्र त्याच घाटावर त्याच परवान्यावर उभे राहावयाचे असते. म्हणून शेव नको, हे नावेत बसल्यावर सांगून भागत नाही. आदल्या संध्याकाळी घाटावर जावे आणि नावाड्याशी सर्व मोकळेपणाने ठरवावे : नाव वल्ह्यांची हवी, यंत्राची नको. वेग सावकाश हवा. थांबा म्हटले की थांबावे. शेव विकली जाणार नाही, हाळी दिली जाणार नाही. शेवेवर आणि तिने खूश झालेल्या पाहुण्यांच्या बक्षिसीवर त्याची जी कमाई होते, तेवढी रक्कम भाड्यात आधीच मिळवावी. तत्त्वाची किंमत दुसऱ्याच्या खिशातून देणे हा पक्षिप्रेमी मंडळींचा जुना दोष आहे.

याचा लाभही होतो. ज्या नावाड्याला माल विकावयाचा नाही, त्याला बोलावयास सवड मिळते. यंदा पुरानंतर रेती कोठे सरकली, उथळ पाणी कोणत्या बाजूस आहे, चकवा-चकवी कोठे बसतात, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. निषाद समाजातील या मंडळींच्या कित्येक पिढ्या याच पाण्यावर गेल्या आहेत. गटप्रमुखाने ‘भैया, ये कौन है?’ असे विचारण्यात कमीपणा मानू नये. गटासमोर विचारावे, म्हणजे आणखी चांगले.

मग शेवेविना कुरव जवळ कसा पाहावा? नाव रेतीजवळच्या संथ पाण्यात उभी करावी आणि वीस मिनिटे काहीही करू नये. कुरव विश्रांतीसाठी पाण्यावर उतरतात, थव्यातील काही हळूहळू वाहत नावेकडे येतात. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवीत थांबतो आणि दगडासारखा खाली पडतो. नदी सुरय, त्याची पिवळी चोच खाली वळवून, तीच फेरी पुन्हा पुन्हा घालतो. वीस मिनिटे शांत बसणे हे पहिल्या दिवशी गटाला शिक्षेसारखे वाटते. दुसऱ्या दिवशी तेच लोक तीस मिनिटे मागतात.

दुर्बिणीविषयीचा एक नियम काशीत कोणत्याही पक्ष्याआधी शिकविला पाहिजे. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांसमोरून नाव जाऊ लागली की सर्वांनी दुर्बिणी खाली घ्याव्यात, कॅमेरे पिशवीत ठेवावेत. चितांच्या धुरावर घारी फिरत असतात, आणि एखाद्या उत्साही सभासदाला त्या पाहण्याचा मोह होतो. त्याच्या मनात पक्ष्याखेरीज काही नसते हे खरे. पण काठावर पित्याला अग्नी देणाऱ्या माणसाला फक्त आपल्याकडे रोखलेली भिंगे दिसतात. स्नानाच्या घाटांचेही तसेच. पाण्यात उभ्या असलेल्या स्त्रियांच्या पुढ्यात धोबी पक्षी कितीही सुंदर नाचत असला तरी दुर्बीण तेथे उचलू नये. गटात ज्येष्ठ मंडळी असली तर हा नियम त्यांच्याच तोंडून सांगवावा. ‘काका, जरा तुम्हीच सांगा,’ एवढे म्हटले की पुरे होते. तरुण सभासद प्रमुखाशी वाद घालील, काकांशी घालणार नाही.

पूर्वेच्या रेतीवर उतरल्यावर सहल खऱ्या अर्थाने सुरू होते. येथे चक्रवाक जोडीजोडीने बसलेले दिसतात. केशरी-तांबूस अंग, फिकट डोके आणि नाकातून काढल्यासारखा दूरवर पोहोचणारा आवाज. संस्कृत काव्यातील रात्री ताटातूट होणारी जोडी ती हीच. हे सांगितले की गटातील ज्यांना पक्ष्यांत फारसा रस नसतो तेही दुर्बीण मागून घेतात. कधी पट्टकादंबांचा थवा उतरतो. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस हिमालय ओलांडून येतात. उपग्रहाच्या साहाय्याने माग ठेवलेल्या काही पक्ष्यांनी ७००० मीटरांहून अधिक उंची गाठल्याची नोंद आहे. पाणचिऱ्याचे वचन मात्र कोणालाही देऊ नये. खालची चोच वरचीपेक्षा लांब असलेला आणि तिने पाणी कापीत जाणारा हा पक्षी गंगा आणि चंबळ यांच्या रेतीचा खरा मानकरी आहे. पण आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो २०२० पासून संकटग्रस्त गणला जातो. काशीसमोर तो दिसलाच तर तो दिवस भाग्याचा.

मार्च लागला की रेतीवर पाय ठेवण्याविषयी फार जपावे लागते. नदी सुरय, नदी टिटवी यांसारखे पक्षी उघड्या वाळूवरच अंडी घालतात. अंडी वाळूच्याच रंगाची असतात, पायाखाली गेल्यावरच कळतात. आणि न चिरडताही ती नष्ट होऊ शकतात. माणसे जवळ आली की मादी उठते, उन्हाने तापलेल्या वाळूत अंडी उघडी पडतात, कावळे आणि कुत्री वाट पाहतच असतात. डोक्यावर ओरडत फिरणारी टिटवी पाहून ‘किती धीट आहे!’ असे कौतुक करणाऱ्या गटाला तत्काळ, आल्या पावलीच मागे न्यावे. छायाचित्र राहिले तर राहू द्यावे.

या रेतीला आज कायद्याचे विशेष संरक्षण नाही. रामनगरपासून मालवीय पुलापर्यंतचा ७ किलोमीटरचा प्रवाह १९८९ साली कासव अभयारण्य म्हणून घोषित झाला होता. गंगेच्या शुद्धीकरणाच्या योजनेत कासवे पाळून येथे सोडली जात, त्यांनी अर्धवट जळालेले अवशेष खाऊन पाणी स्वच्छ ठेवावे अशी कल्पना होती. २०२० मध्ये अभयारण्याचा हा दर्जा काढून घेण्यात आला. जानेवारी २०२३ मध्ये याच रेतीवर पर्यटकांसाठी तंबूंचे एक नगर उभारण्यात आले. दोन्यानाची गोष्ट उलट दिशेने गेली. माउंटफर्टच्या मोहिमांनी त्या प्रदेशाकडे युरोपचे लक्ष वेधले आणि १९६९ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. त्यात पक्षिनिरीक्षकांचा वाटा होता, कारण त्यांनी केवळ पाहिले नाही, काय पाहिले ते मोजून लिहिले.

सहा जणांच्या गटालाही मोजता येते. थव्यातील दहा पक्षी प्रथम एकेक करून मोजावेत, तेवढ्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत ठेवावे आणि मग त्या मापाने उरलेला थवा दहादहांनी मोजीत जावे. दोघांनी स्वतंत्रपणे मोजून आकडे नंतर ताडून पाहावेत, त्यांत तफावत येणारच. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दरवर्षी जानेवारीत होते, तीत अशा नोंदी देता येतात. एखाद्या पक्ष्याच्या पायात कडे दिसले तर ते कोणत्या पायात आहे, रंग कोणता, अक्षरे कोणती, हे लिहून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था पक्ष्यांना कडी घालण्याचे काम अनेक दशके करीत आली आहे.

सूर्यास्तापूर्वी गट घाटावर परतलेला असावा, कारण त्यानंतर आरतीच्या गर्दीत नाव काठाला लावणे कठीण होते. वृद्ध सभासदांना ओल्या पायऱ्यांवरून चढताना हात द्यावा लागतो. नावाड्याचे पैसे काठाला लागताच, सर्वांसमोर द्यावेत. त्या दिवसाची यादी रात्री मुक्कामाच्या ठिकाणी, जेवणानंतर वाचावी. प्रत्येक नाव उच्चारल्यावर ते कोणी पाहिले ते विचारावे, आणि ज्याची ओळख एकालाच पटली व इतरांना पटली नाही तो पक्षी यादीत प्रश्नचिन्हासह ठेवावा. त्यावरून वाद होतो, चहा मागविला जातो, पुस्तक उघडले जाते, आणि कोणी तरी असे म्हणतो की उद्या पहाटे पुन्हा त्याच ठिकाणी गेल्याशिवाय याचा निकाल लागणार नाही. नावाड्याला मग पुन्हा निरोप पाठवावा लागतो.